बायकांच्या हाती बँक दिली म्हणून बुडाली?

आमच्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज महिन्याभरात चौथ्यांदा आला. सोसायटीच्या ग्रुपवर तोच, माहेरच्या ग्रुपवरही तोच. मजकूर थोडक्यात असा: बँका आणि मोठ्या कंपन्या बायकांच्या हाती दिल्या की काय होतं ते चंदा कोचर आणि चित्रा रामकृष्ण यांच्याकडे बघा, पैशाचा व्यवहार हे बायकांचं काम नव्हे, वर पोचतात त्या आरक्षणामुळे, नाहीतर घराण्यामुळे, आणि आता तर सगळीकडे बायकाच बसल्यात. खाली हात जोडलेली चित्रं आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत 31 वर्षं काढली. मला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते मुद्दा धरून सांगते.

आधी त्या दोन नावांचं. आयसीआयसीआय बँकेच्या प्रमुख असलेल्या कोचर यांनी ऑक्टोबर 2018 मध्ये बँक सोडली, व्हिडिओकॉन कंपनीला दिलेल्या कर्जावरून सीबीआयने गुन्हा दाखल केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. चित्रा रामकृष्ण यांनी राष्ट्रीय शेअर बाजाराच्या प्रमुख असताना त्याची गोपनीय माहिती एका अज्ञात ‘योगी’ला ईमेलने पाठवली, असं शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या फेब्रुवारी 2022 च्या आदेशात म्हटलं आहे. दोन्ही गोष्टी गंभीर आहेत. बाई आहे म्हणून कुणाला सूट द्या असं मी म्हणणार नाही. पण चित्रा रामकृष्ण यांच्या आधी त्याच शेअर बाजाराचे प्रमुख असलेले रवी नारायण यांनाही सप्टेंबर 2022 मध्ये ईडीने अटक केली होती. मेसेजमध्ये त्यांचं नाव का नाही? येस बँकेचे राणा कपूर मार्च 2020 मध्ये अटकेत गेले, त्यांचंही नाही. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंनी जानेवारी 2009 मध्ये हिशेब फुगवल्याची कबुली स्वतःच्या सहीनिशी दिली, तेही नाहीत. पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजार रुपयांच्या वर काही काढता येत नव्हतं. पासबुकं हातात घेऊन शाखेच्या शटरबाहेर रडणारी माणसं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. ती बँक चालवणारे पुरुष होते, पण त्या वेळी ‘पुरुषांच्या हाती बँका देऊ नका’ असा मेसेज मला कुणी पाठवला नाही. पुरुष चुकला की तो एकटा चुकतो, बाई चुकली की बायकांची जात चुकते. मला राग येतो तो या मोजमापाचा.

आता ‘पैशाचं काम बायकांचं नव्हे’. याला उत्तर द्यायला मुंबईच्या टॉवरमध्ये जायची गरज नाही, सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या म्हसवडला गेलं तरी पुरे. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायची म्हणून रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तकांमधल्या कित्येक जणींना सही येत नव्हती, अंगठे होते. या बायका काही महिने अक्षरं गिरवत बसल्या आणि मग स्वतःच अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. लिहिता येत नाही, कारण गावात शाळा नव्हती. पण हिशेब येतो, असं त्यांचं म्हणणं. कितीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मी हे वाचलं तेव्हा मला काउंटरवरच्या कितीतरी बायका आठवल्या. पदराच्या गाठीत आठवड्याची विक्री बांधून आणायच्या, मी नोटा मोजायच्या आधी आकडा सांगायच्या, आणि तो चुकायचा नाही.

मोठ्या बँकेचं उदाहरण हवं असेल तर इंडियन बँक घ्या. 1995-96 मध्ये या बँकेला 1,300 कोटींहून जास्त तोटा झाला. आमच्या कँटीनमध्ये तेव्हा ‘ही आता दुसऱ्या बँकेत विलीन होणार’ असंच सगळे म्हणायचे. 2000 मध्ये ती रंजना कुमार यांच्याकडे सोपवली. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेच्या अध्यक्षपदी आलेल्या त्या पहिल्या महिला. 2001-02 मध्ये बँक नफ्यात आली. बुडवली तेव्हा खुर्चीत कोण होतं आणि वर काढली तेव्हा कोण होतं, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तपासावं. जहाज खडकावर आपटल्यावर सुकाणू बाईच्या हातात देतात, असं बऱ्याचदा घडतं. मिशेल रायन आणि ॲलेक्स हॅसलम या अभ्यासकांनी 2005 मध्ये त्याला ‘ग्लास क्लिफ’ म्हटलं, म्हणजे काचेचा कडा. अशा वेळी अपयश आलं तर ते तिच्या नावावर चढतं.

आरक्षणाचा मुद्दा निव्वळ गैरसमजाचा आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असणं सक्तीचं केलं. ते मंडळावरच्या एका जागेपुरतं आहे. एमडी, सीईओ किंवा अध्यक्षपदासाठी असं कुठलंही आरक्षण नाही. मेसेजमधलं एक मात्र मान्य करते: ती एक जागा भरताना बऱ्याच कंपन्यांनी मालकाच्या घरातलीच बाई बसवली. म्हणूनच सेबीला 2019 पासून मोठ्या कंपन्यांना ‘स्वतंत्र’ महिला संचालक नेमायला सांगावं लागलं. पण पळवाट काढणाऱ्या मालकाचं खापर बायकांच्या कुवतीवर कसं फोडता? अरुंधती भट्टाचार्य 1977 मध्ये स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या आणि 36 वर्षांनी अध्यक्ष झाल्या. शुभलक्ष्मी पानसे 1976 मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये लागल्या आणि 2012 मध्ये अलाहाबाद बँकेच्या प्रमुख झाल्या. कोल्हापूरच्या लीना नायर सांगलीच्या वालचंद कॉलेजात इंजिनिअर झाल्या, हिंदुस्तान लिव्हरमध्ये ट्रेनी म्हणून लागल्या, कारखान्यात रात्रपाळ्या केल्या आणि जानेवारी 2022 पासून शनेल या फॅशन कंपनीच्या जागतिक सीईओ आहेत. यातली कुठली जागा आरक्षणाची?

घराण्याचं म्हणाल तर पुण्याच्या अनु आगांबद्दल बोलू. 1996 मध्ये पती गेले आणि थरमॅक्स या घरच्या कंपनीची धुरा त्यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी तरुण मुलगा गेला. कंपनीही घसरत होती, शेअर पार 36 रुपयांवर आला. तेव्हा एका भागधारकाचं निनावी पत्र आलं, की तुम्हाला पैशाची गरज नसेल, पण तुम्ही आम्हाला बुडवलंत. त्या पत्राने आपली झोप उडाली असं आगांनी नंतर स्वतः सांगितलं आहे. त्यांनी संचालक मंडळ नव्याने बांधलं, बाहेरचे सल्लागार आणले, कंपनी सावरली आणि 2004 मध्ये पद सोडलं. खुर्ची वारशाने आली, हे खरंच. पण आपल्याकडे वारशाने खुर्ची मिळालेल्या मुलग्यांची मोजदाद कुणी करतं का?

आणि ‘सगळीकडे बायकाच’? स्टेट बँक 1955 ची, पहिली महिला अध्यक्ष 2013 मध्ये, त्यानंतरचे तिन्ही अध्यक्ष पुरुष. रिझर्व्ह बँकेत उषा थोरातांसारख्या डेप्युटी गव्हर्नर झाल्या, पण 1935 पासून आजवर गव्हर्नर एकही नाही. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या 500 कंपन्यांच्या यादीत 2023 मध्ये महिला सीईओ 52 होत्या.

वर इतक्या कमी बायका का, ते मी शाखेत पाहिलं आहे. बँकेत प्रमोशन म्हणजे बदली. पुरुषाची बदली झाली की बॅग भरली जाते, बाईची झाली की घरात बैठक बसते. माझ्या ऑफिसरच्या मुलाखतीत मला कर्जाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि ‘मिस्टर काय करतात, मुलं किती लहान, पाठवलं तर जाल का’ यावर वीस मिनिटं गेली. बरोबरच्या पुरुषांना यातलं एकही विचारलं नव्हतं. भट्टाचार्य यांनी स्टेट बँकेत महिलांना मुलं किंवा वृद्ध आईवडिलांसाठी दोन वर्षांची रजा देऊ केली, ती या अडचणीची जाण असल्यामुळे. अशी रजा आमच्या वेळी असती तर माझ्या शेजारच्या टेबलावरची एक मैत्रीण कुठवर गेली असती, असं मला राहून राहून वाटतं.

हिशेब जुळत नसला की सगळे तिच्याकडे जायचे. फरकाचा आकडा ऐकून ती म्हणायची, ‘नऊने भाग जातोय, कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, 54 चे 45 शोधा.’ दहा मिनिटांत व्हाउचर सापडायचं. तिने तीनदा प्रमोशन नको म्हणून लिहून दिलं. सासू अंथरुणाला, मुलगी दहावीला, मग पुन्हा सासू. तिच्याकडून हिशेब जुळवायला शिकलेली दोन मुलं पुढे एजीएम, म्हणजे सहायक महाव्यवस्थापक झाली. ती रोखपाल म्हणूनच निवृत्त झाली. ग्रुपवर तीही आहे, आणि चार वेळा आलेला तो मेसेज तिनेही वाचला आहे.