एका ‘बॅट’ची चार घराणी

दोन शब्द कानाला सारखे लागले की त्यांची सोयरीक जुळवून टाकण्याची आपल्याकडे फार घाई असते, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बहुतेक व्युत्पत्ती याच घाईतून जन्माला येतात. हा प्रकार किती फसवा असतो हे दाखवायला ‘बॅट’ या शब्दाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला हा शब्द वस्तुतः एक शब्द नाहीच. वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत आलेले किमान चार शब्द तिथे एकाच स्पेलिंगखाली बिऱ्हाड करून आहेत.

पहिला अर्थातच क्रिकेटचा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सोटा किंवा दांडके असा होता, आणि मारणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचीही त्यात पुढे भर पडली असावी, असे कोशकार मानतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चेंडू जमिनीलगत टाकला जाई, त्यामुळे बॅटही हॉकीच्या काठीसारखी टोकाला वाकलेली असे. १७७१ मध्ये चर्ट्‌सी आणि हॅम्बल्डन यांच्यातील सामन्यात व्हाइट नावाचा एक खेळाडू चक्क यष्टींच्या रुंदीची बॅट घेऊन उतरला, त्यावरून वाद झाला आणि नंतर रुंदीवर सव्वाचार इंचांची मर्यादा आली. ती आजही कायम आहे. याच शब्दाचा तुकडा किंवा ढेकूळ असाही एक जुना अर्थ आहे, आणि तो आपल्या गच्चीवर येऊन पोहोचला आहे. गळती थांबवण्यासाठी गवंडी ज्याला ‘ब्रिकबॅट कोबा’ म्हणतो, त्यातली ‘बॅट’ म्हणजे विटेचा तुकडा.

आता वटवाघूळ. पंख फडफडवते, म्हणजे हवेला मारते, म्हणून ते ‘बॅट’, अशी जुळवाजुळव सहज करता येईल आणि ती ऐकायलाही झकास वाटेल, पण ती साफ चुकीची ठरेल. मध्ययुगीन इंग्रजीत या प्राण्याचे नाव ‘बॅक’ याच्या जवळपास जाणारे होते आणि ते स्कँडिनेव्हियन भाषांकडून आले होते. शेवटच्या ‘क’चा ‘ट’ सोळाव्या शतकाच्या सुमारास झाला. जुने रूप न पाहता निव्वळ आजच्या उच्चारावरून मूळ सांगणारा माणूस इथे हमखास तोंडघशी पडतो, आणि माझा सगळा आक्षेप आहे तो नेमका या पद्धतीला.

फौजेत राहिलेल्यांना तिसरी बॅट ओळखीची असेल. अधिकाऱ्याच्या दिमतीला असलेल्या शिपायाला ‘बॅटमन’ म्हणत. त्याचा ना खेळाशी संबंध, ना १९३९ मध्ये अवतरलेल्या मुखवटाधारी नायकाशी. फ्रेंचमध्ये ओझ्याच्या जनावरावरील खोगिराला ‘बा’ म्हणतात, लिहिताना शेवटी न उच्चारला जाणारा ‘ट’ लावतात, आणि असे जनावर सांभाळणारा तो बॅटमन.

चौथा शब्द डोळ्याच्या पापणीशी निगडित आहे. पापणीही न लवणे या अर्थाने इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात, आणि ते ससाण्यांच्या शिकारीतून आले आहे. हातावर बसवलेला ससाणा बिथरून पंख फडफडवू लागला की त्याला ‘बेट’ म्हणत, आणि त्याचे मूळ मात्र खरोखरच मारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे. फडफडण्याशी नाते निघाले ते पापणीचे. वटवाघळाचे नाहीच! डिबेट, कॉम्बॅट, बॅटरी आणि रिबेट ही मंडळीही त्याच कुळातली आहेत. कुळ पुराव्याने सिद्ध झाले की हे नातेवाईकही बिनतक्रार मान्य करावेत.

खुद्द इंग्रजांनाही हा सारखेपणा भोवला, आणि तोही आपल्याच भूमीवर. मोहिमेवर सामानाच्या घोड्यांसाठी मिळणाऱ्या पैशांना त्यांच्या फौजेत ‘बॅट-मनी’ म्हणत, आणि हिंदुस्थानात कंपनीच्या अधिकाऱ्यांना मिळे तो ‘बत्ता’, म्हणजे आपला भत्ता. दोन्ही फौजेतले, दोन्ही पगाराबाहेरचे, त्यामुळे त्यांची सरमिसळ झाली. हा बत्ता किती जिव्हाळ्याचा विषय होता ते १७६६ मध्ये दिसले. क्लाइव्हने बंगालमधील दुप्पट बत्ता बंद करताच गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनाम्यांचे हत्यार उपसले.

यूल आणि बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतील शब्दांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या ‘बत्ता’चीही फोड केली आहे. त्यांच्या मते भत्त्याचा हा शब्द कन्नडमधील भाताच्या शब्दावरून पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला, आणि नाणी बदलताना सराफ कापून घेई तो बट्टा हा मुळातला निराळा शब्द. इंग्रजांनी मात्र दोन्ही एकाच स्पेलिंगमध्ये कोंबले.