‘अनलकी’ हा शिक्का माणसावर मारू नका

‘तो ना, अनलकीच आहे’ असं कुणाबद्दल ऐकलं की मला मनापासून राग येतो. वाईट जे घडलं ते बाजूला राहतं आणि ज्याच्यावर ते ओढवलं तोच वाईट ठरतो.

इंग्रजीतले नशिबाचे जुने शब्द पाहिले तर ते माणसाला दोष देत नव्हते. ‘चान्स’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘पडणं’ आहे. ‘हॅझर्ड’ हा तर फाशांचा एक खेळच होता. ‘लक’ पंधराव्या शतकाच्या सुमारास डच-जर्मन बोलींतून आला, बहुधा जुगाऱ्यांच्या तोंडून. नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आलेला ‘हॅप’ म्हणजे योगायोग; ‘हॅपन’, ‘परहॅप्स’, ‘मिसहॅप’ सगळे त्याचेच. ‘हॅपी’सुद्धा! आधी त्याचा अर्थ नशीबवान असा होता, आनंदी हा अर्थ मागाहून आला. ‘डिझॅस्टर’ म्हणजे संकट, त्याचा ठपका वाईट ताऱ्यांवर. ‘डिस्मल’ म्हणजे मध्ययुगीन पंचांगांतले अशुभ दिवस, दर महिन्याला दोन.

मग हेच माणसांना चिकटवलं गेलं. ‘रेच’ (wretch) हा शब्द बघा. जुन्या इंग्रजीत तो हद्दपार झालेल्या माणसासाठी होता. घरदार सुटलेला तो दुर्दैवी, म्हणून ‘रेच’ म्हणजे दुर्दैवी. आणि पुढे त्याच शब्दाचा अर्थ नीच, हलकट असाही झाला. ज्याला आधी हाकललं, त्यालाच नंतर शिवी. ‘सिली’चीही तीच गत. सुरुवातीला त्याचा अर्थ सुखी, भाग्यवान. मग निष्पाप, मग बिचारा, आणि शेवटी मूर्ख. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानांवरून ‘जिंक्स’ म्हणजे अपशकुन हा शब्द पसरला, आणि आज तो जिवंत माणसांनाही लावतात.

असं का होतं, तर दुसऱ्याचं संकट बघून आपल्याला भीती वाटते, असं मला वाटतं. त्याच्यातच काहीतरी खोट आहे असं ठरवलं की आपण सुरक्षित. हे मला क्रूर वाटतं. ‘लकी’ म्हणतानाही कष्ट पुसले जातात, पण ते सोसता येतं.

एक शब्द मात्र मला फार आवडतो. 1754 साली होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकांनी एका पत्रात ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द घडवला, सेरेंडिप म्हणजे श्रीलंकेच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. शोधत नसलेलं काहीतरी त्यांना सापडायचं, ते योगायोगानं आणि त्यांच्या चाणाक्षपणानंही. चांगलं घडलं तर माणसाचा वाटा मोजणारा हा शब्द आहे. वाईट घडलं तर मात्र ‘हार्ड लक’ म्हणावं. त्यात डाव वाईट पडला एवढंच येतं, खेळणाऱ्यावर बोट नाही. हरून आलेल्या पोराला तेवढं म्हणा आणि पुढच्या सामन्याबद्दल बोला. ‘तू अनलकीच’ कृपया म्हणू नका.