'उतरली की घरी पाठवा' म्हणणाऱ्यांसाठी

इमर्जन्सीत दारू पिऊन आलेल्या पेशंटबद्दल हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा विथड्रॉवलचा, म्हणजे दारू तुटल्यावर शरीरात उठणाऱ्या त्रासाचा, धोका सुरूच होतो तो दारू उतरायला लागल्यावर. शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ. फिट आली तर बहुधा 6 ते 48 तासांत. आणि डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, ताप, धावती नाडी, हे सगळं साधारण 48 ते 96 तासांत. आपण 'स्टेबल' लिहून मोकळे होतो, तेव्हा घड्याळ नुकतंच चालू झालेलं असतं. तोंडाला वास येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. मुरलेल्या पिणाऱ्याला रक्तात दारू असतानाही विथड्रॉवल सुरू होतो.

माझं मुख्य भांडण आहे ते सीवा (CIWA-Ar) स्कोअरच्या, म्हणजे विथड्रॉवलचा त्रास मोजणाऱ्या तक्त्याच्या, वापराशी. दहा बाबी, जास्तीत जास्त 67 गुण, औषध किती द्यायचं हे ठरवायला उत्तम. पण तो सांगतो आत्ता किती त्रास होतोय ते. परवा काय होणार हे त्याला विचारणं म्हणजे थर्मामीटरला उद्याचा ताप विचारणं. 'आला तेव्हा 4 होता' हे घरी पाठवायचं कारण होऊ शकत नाही. शिवाय डोक्याला मार, जंतुसंसर्ग, कमी साखर यांतही हाच आकडा फुगतो, आणि बोलू न शकणाऱ्या पेशंटमध्ये तो निम्मा अंदाजच.

पुढचा धोका ओळखायला 2014 साली आलेला पॉस (PAWSS) स्केल आहे. त्यात 4 किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा. तो तपासला गेला वॉर्डात दाखल झालेल्या पेशंटवर, तेव्हा इमर्जन्सीत डोकं शाबूत ठेवूनच वापरावा. पण त्यातला एक प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: आधी कधी दारू बंद झाली तेव्हा काय झालं होतं? फिट किंवा भ्रम होऊन गेला असेल, तर आजचा सीवाचा आकडा कितीही लहान असो, मी त्याला सोडणार नाही. प्रत्येक विथड्रॉवल पुढच्याला आणखी वाईट करून ठेवतो.

विचारण्याचीही पद्धत असते. बायको शेजारी उभी असताना 'दारू पिता का?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'कधीतरी.' एकट्याला गाठून 'शेवटची कधी घेतली? सकाळी उठल्यावर लागते का?' असं विचारा, माणूस सरळ सांगतो. मग हात पुढे करायला लावा आणि त्याच्या बोटांच्या टोकांना आपली बोटं टेकवा. डोळ्यांना न दिसणारी थरथर तिथे लागते. नाडीवर फार विसंबू नका, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) घेणाऱ्याची नाडी शांतच राहते.

सगळ्यांत जास्त निसटतात ते दारूसाठी न आलेले. पाय मोडून आलेला, ऑपरेशन झालेला, तिसऱ्या दिवशी रात्री सलाइन उपसून भिंतीवरचे किडे झटकणारा. आपण हात बांधतो आणि 'वयामुळे' म्हणतो!

नातेवाइकांनाही एक सांगणं. 'आजपासून थेंब नाही' अशी शपथ घालून रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडू नका. बंद करायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि थायमिन (ब1 जीवनसत्त्व) चालू ठेवून.

केसपेपरवर ॲलर्जीसाठी रकाना असतो. त्याच्याच खाली 'शेवटची कधी घेतली: तारीख, वेळ' एवढा एक रकाना मला छापून हवाय.