सक्तीची देशसेवा आणि सतरा मेडिकल सर्टिफिकिटं

बारावी झाली की प्रत्येक पोरापोरीला वर्षभर देशसेवा सक्तीची करा, या मताची मी बरीच वर्षं होते. लष्करातच असं नाही. गावात, दवाखान्यात, ओढ्यावर, कुठंही. परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर "इस्रायलसारखं करा, दोन वर्षं हातात बंदूक द्या, पोरं आपोआप सरळ येतील" हा मेसेज पुन्हा फिरला. मी "नको" म्हटलं, तर भाचीनं लगेच पकडलं, "मावशी, तूच तर म्हणायचीस!" म्हणायचे खरी. का म्हणायचे आणि का सोडलं, ते ग्रुपवर मावणारं नाही म्हणून इथं लिहितेय.

मी राज्यशास्त्र शिकवायचे आणि आठ वर्षं एनएसएसची, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची, कार्यक्रम अधिकारी होते. हिवाळ्यात सात दिवसांचं शिबिर, पन्नास मुलं, मुक्काम झेडपीच्या शाळेत. पहिल्याच वर्षी ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटची रिकामी पोती घ्यायची, माती-वाळू भरायची, तोंड सुतळीनं शिवायचं आणि विटा रचतात तशी सांध्यावर सांधा न येऊ देता रचत जायचं. बंगल्यात वाढलेला एक मुलगा खोरं असं धरत होता, जणू क्रिकेटची बॅट. फलटणकडच्या एका मेंढपाळाच्या मुलानं त्याचे हात सोडवून पुन्हा नीट धरायला लावले. "एक हात पुढं, एक मागं. आणि कमरेतनं वाक की लेका." तिसऱ्या दिवशी बंगलेवाल्याच्या तळहाताला फोड. तरी घमेलं सोडेना. रात्री दोघं एकाच सतरंजीवर. भांडी घासताना त्यानं मला हळूच विचारलं, "मॅडम, याचे आईवडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन जातात ते थेट पावसाळ्यालाच परत येतात, हे खरंय?" दोघं दोन वर्षं एकाच वर्गात बसत होते.

तेव्हा माझं ठरलं. हे सगळ्यांना मिळालं पाहिजे, आणि आपणहून सगळे येणार नाहीत, म्हणजे सक्ती हवी. आजही मला सक्तीच्या बाजूचा हाच एक मुद्दा खरा वाटतो. शिस्तीबिस्तीचा नाही.

असं वाटणारी मी काही पहिली नव्हे. 1959 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय सेवेचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे तेच. शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकानं आधी नऊ महिने ते वर्षभर सेवा करावी, अशी शिफारस समितीनं केली. पैसा आणि अंमलबजावणी, या दोन खडकांवर ती फुटली. पुढं 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी शताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांतल्या 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन एनएसएस सुरू झाली, ती ऐच्छिक म्हणूनच.

मधल्या काळात सक्तीचाही प्रयोग झाला. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची केली आणि 1968 मध्ये ती सक्ती उठवली. माझे मामा त्या काळात कॉलेजात होते. परेडला ते दोघांची हजेरी लावायचे, स्वतःची आणि रूम पार्टनरची, आणि हे ते म्हातारपणीही मोठ्या अभिमानानं सांगायचे. मी हसायचे. आपल्यावरही ती पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

एका वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार होती. फाइलमध्ये आकडे दिसायला हवेत म्हणून वरून आदेश आला की शिबिर दुसऱ्या वर्षाच्या सगळ्यांना सक्तीचं. मी तर खूश! माझंच स्वप्न. निघायच्या आदल्या दिवशी टेबलावर मेडिकल सर्टिफिकिटांचा गठ्ठा. त्यातली सतरा एकाच डॉक्टरच्या सहीची, सगळ्यांना एकच कंबरदुखी. सतराच्या सतरा जण बऱ्या घरचे. मेंढपाळाच्या मुलाला कुठला डॉक्टर ओळखीचा असणार? ज्यांना त्या पंगतीत आणायचं म्हणून मला सक्ती हवी होती, तेच नेमके बाहेर राहिले. दीडशेच्या वर मुलं आली आणि बहुतेक झाडाखाली मोबाइल घेऊन बसली. पोती अर्धी भरलेली, कित्येक तर न शिवताच रचलेली. आठवड्यात बंधारा गळायला लागला आणि गावकऱ्यांनी तो उपसून पुन्हा घातला. सरपंच भला माणूस. त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं, "मॅडम, पुढच्या वर्षी जरा कमी पोरं पाठवा."

कमी पोरं पाठवा!

डॉक्टरांच्या बाँडचं वेगळं काय होतं? सरकारी कॉलेजात एमबीबीएस केलं की वर्षभर सरकारी सेवा, नाहीतर 10 लाख दंड. दंड भरून सुटायची वाट कित्येक वर्षं उघडी होती, म्हणजे ज्याच्याकडं दहा लाख आहेत त्याच्यापुरती सक्ती नव्हतीच. आणि ज्या इस्रायलचा दाखला देता, तिथं कर्मठ ज्यू तरुणांना अनेक दशकं सूट होती. यांनाही भरती करा, असं 2024 मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं.

थोडं मास्तरकीचं. घटनेचं कलम 23 वेठबिगारीला बंदी घालतं, पण त्याच कलमाचा दुसरा भाग सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा सरकारला देतो. अट एवढीच की धर्म, वंश, जात, वर्ग पाहून भेदभाव नको. (स्त्री-पुरुष हा शब्द त्या यादीत नाही, हे वर्गात सांगितलं की मुली हमखास हात वर करायच्या.) म्हणजे कायद्यानं अडत नाही. पण वेठ शब्दाला आपल्या गावगाड्यात वास आहे. महार वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या कुणाला रात्री-अपरात्री हाक मारून राबवलं, हे ज्या घरांत अजून आठवतं, तिथं "सक्तीची सेवा" हे शब्द जपूनच उच्चारावेत.

आणि खरं सांगू? तरुणांना सेवा करायची नाही, हे गृहीतकच मला पटत नाही. आमच्या साताऱ्याकडं पहाटे पाचला कुठल्याही रस्त्याला या. फाटके बूट घालून, घड्याळ लावून पोरं पळत असतात, सैन्यभरतीसाठी साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर मारायला. कोरोनात दोन वर्षं भरती बंद राहिली आणि कित्येकांचं वय निघून गेलं. जून 2022 मध्ये सैन्यात चार वर्षांपुरती भरती करणारी अग्निपथ योजना आली तेव्हा त्या वर्षापुरती वयाची मर्यादा 21 वरून 23 केली, तरी काही सुटलेच. जे आत गेले त्यांना चार वर्षं, आणि त्यानंतर कायम राहणार चारांतला जास्तीत जास्त एक. दारात उभं असलेल्याला आत जागा नाही आणि जो यायला तयार नाही त्याला ओढून आणायच्या गप्पा!

माझं म्हणणं एवढंच की आधी जागा काढा. प्राथमिक आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत, पाणलोटाच्या कामात वर्षभराच्या जागा आणि पोट भरेल एवढं मानधन. आमच्या शिबिराला सरकारी पैसा पुरायचा नाही, तांदूळ आम्ही घरोघरी मागून आणायचो. बंगल्यातल्या मुलाला कसं आणायचं, याचं उत्तर मात्र माझ्याकडं अजून नाही. तो पहिल्या वर्षीचा आला होता, कारण त्याचा मित्र येणार होता.

काल त्याच गावातून फोन आला. ओढ्याला पाणी आहे, पोती गोळा करून ठेवलीत, तीसेक मुलं मिळतील का? मी रिटायर झाले हो, म्हटलं, पण विचारून बघते. कुणाची मुलं डिसेंबरात मोकळी असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. खोरं धरता आलं नाही तरी चालेल.