बाबांनी मोजलेले २०७ दिवस

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी आकडे टाकले, २०२२ मध्ये सव्वादोन लाखाच्या वर आणि २०२३ मध्ये २ लाख १६ हजार लोकांनी भारताचं नागरिकत्व सोडलं, आणि खाली लिहिलं, "पासपोर्ट बदलला का माणूस घरचा राहत नाही." आकडे खरे आहेत, सरकारनंच संसदेत दिलेले. खालचं वाक्य मात्र मला लागलं.

मी न्यू जर्सीत १५ वर्षं झाली राहून राहिलो, ग्रीन कार्डला, म्हणजे कायम राहायच्या परवान्याला, आता पाच होतील. इथला नियम असा आहे की नागरिकत्वाचा अर्ज करायच्या आधीच्या पाच वर्षांत किमान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, अमेरिकेत असले पाहिजे, आणि ते वेगळं, त्याशिवाय एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तुमचं सलग राहणं तुटलं असं धरून चालतात. वर्ष झालं तर तुटलंच. पुष्कळ लोकांना वाटते की री-एंट्री परमिट, म्हणजे जास्त दिवस बाहेर राहून परत यायची परवानगी, काढलं म्हणजे सगळं सांभाळलं गेलं, आमच्या ओळखीतल्या एका मावशींना सल्लागारानं तसंच सांगितलं, त्या दीड वर्ष नातवंडांसाठी पुण्यात राहिल्या आणि परत आल्यावर कळलं की परमिटनं ग्रीन कार्ड वाचते, सिटिझनशिपचं मीटर नाही.

माझं तुटलं ते बाबांसाठी. नोव्हेंबरात त्यांना पॅरालिसिस झाला, उजवी बाजू पूर्ण गेली, मी मिळेल त्या फ्लाइटनं नागपूरला आलो. प्रतापनगरच्या घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असते, आई त्यात दूध, सिलिंडर लिहिते, मग फिजिओ आला का त्याचीही खूण करायला लागली. बाबांना डाव्या हातानं लिहायची प्रॅक्टिस करायला सांगितलं होतं तर त्यांनी काय लिहावं, मी आल्यापासून किती दिवस झाले तो आकडा, रोज, त्या त्या तारखेच्या चौकोनात, वाकडातिकडा. मी त्यांना नियम कधी सांगितलाच नव्हता, बायकोशी फोनवर बोलताना ऐकलं असेल. १७५ च्या आसपास एक एक शब्द जोडत म्हणाले, "जाय आता. तुझा हिशेब बिघडून राहिला." मी गेलो नाही, ते काठीशिवाय बाथरूमपर्यंत जाईपर्यंत थांबलो, २०७ दिवस.

आणि तरी मला हा नियम अन्यायाचा वाटत नाही, हे मला काकांना सांगायचं आहे. निष्ठेची शपथ नंतर येते, आधी ते विचारतात तू राहतो कुठं, आणि सहा महिने ते वर्ष यामधल्या माणसाला बोलायची संधी देतात. बायको-मुलगी इथंच होत्या का, नोकरी सोडली का, तिकडं दुसरी धरली का, घर चालू होतं का. माझी बिनपगारी रजा होती, घरभाडं सुरू होतं, टॅक्स भरला, सगळे कागद लावतो आहे, नाही मानलं तर थांबायची तयारी आहे. आपल्याकडं असं काही विचारतच नाही कोणी. १९५५ च्या कायद्याचं कलम ९, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की आपलं आपोआप संपलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठी ओसीआय कार्ड २००५ पासून आहे, पण त्यावर मत देता येत नाही, शेत विकत घेता येत नाही. मतदानाचं मला पटते सुद्धा, जो भारतात राहत नाही त्यानं नागपूरचा खासदार का ठरवावा? पण दुहेरी नागरिकत्वाचा वाद निघाला की आपण लगेच निष्ठेवर येतो, आणि कोण किती दिवस, कशासाठी येऊन राहिला हे मोजायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. त्या दोन लाखांत अशी किती माणसं असतील ज्यांचा अर्ज आईबापाच्या दवाखान्यापायी लांबला होता, ते आकड्यात दिसत नाही काका.

अर्ज पुढच्या महिन्यात टाकतो. डिसेंबरात तीन आठवडे येऊन राहिलो, तेव्हा घरी या. बाबा तुम्हाला डाव्या हातानं सही करून दाखवतील.