सरावात टॅकल नाही, म्हणजे मवाळपणा नव्हे

अमेरिकन फुटबॉलमधले सेंट जॉन्स विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन गॅलार्डी यांच्यावरचा तुमचा लेख वाचला. त्यांच्या सरावात टॅकलिंग, म्हणजे समोरच्याला धडकून खाली पाडणं, नसे. याला लेखात ‘मवाळपणा’ म्हटलंय आणि त्यांच्या ४८९ विजयांचं श्रेय डिव्हिजन थ्रीमधल्या (अमेरिकी कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या) दुबळ्या संघांना दिलंय. दोन्ही गोष्टी मला अजिबात पटल्या नाहीत. डिव्हिजन थ्रीत खेळाची शिष्यवृत्ती कुणालाच देता येत नाही. सेंट जॉन्सलाही नाही आणि समोरच्यालाही नाही. मग १९६३ आणि २००३, म्हणजे चाळीस वर्षांच्या अंतराने राष्ट्रीय विजेतेपदं येतात, ती काय समोरचे दुबळे म्हणून?

आम्ही मिनेसोटात राहतो. मुलगा हायस्कूलमध्ये हाच फुटबॉल खेळायचा. तिथे प्रशिक्षक आठवडाभर पोरांना एकमेकांवर आदळायला लावत. एका मंगळवारी सरावातच त्याचं डोकं आपटलं, आणि पुढे कित्येक दिवस त्याला खिडकीचा उजेडसुद्धा सहन होत नव्हता. शुक्रवारचा सामना अर्थातच हुकला. गॅलार्डींनी नेमकं हेच ओळखलं होतं. खेळाडू धडधाकट राहिला तरच शनिवारच्या कॉलेज सामन्यात मैदानात उतरणार. त्यांच्या सरावात शिट्टी नाही, त्यांना ‘कोच’ म्हणायचं नाही, नुसतं ‘जॉन’. पण तोच डाव बिनचूक जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घ्यायचा. याला मवाळपणा कसं म्हणायचं? २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड, येलसारख्या आठ नामांकित विद्यापीठांच्या, प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावातून टॅकलिंग काढून टाकायचं ठरवलं. सेंट जॉन्स जिथे आहे त्या कॉलेजव्हिलच्या या माणसाने, गॅलार्डींनी, ते कित्येक दशकं आधीच करून दाखवलं होतं, आणि लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.