'स्कझी काढा, संगणक पळवा' म्हणे!

सांगली-मिरजेतल्या संगणक दुरुस्तीवाल्यांच्या आणि कॉलेजांतल्या लॅब असिस्टंटच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: लिनक्सच्या तयार कर्नलमध्ये (हार्डवेअर सांभाळणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) जगातल्या यच्चयावत डिस्कांचे ड्रायव्हर कोंबलेले असतात आणि ते रॅम खातात. मेन्यूकॉन्फिग (कर्नलमध्ये काय ठेवायचं ते निवडायची मेन्यू) उघडा. स्कझी (सर्व्हरच्या डिस्का जोडायची जुनी पद्धत) बंद करा, कारण घरात स्कझी डिस्क असते कुणाकडे? उरलेलं सगळं 'एम' (लागेल तेव्हा चढणारं मॉड्यूल) करा, इनिट्रामएफएस (बूट होताना लागणारा मॉड्यूलांचा गठ्ठा) काढून टाका. जुना संगणक दुप्पट पळेल, खर्च शून्य. खाली दोन रॉकेटं आणि 'प्रत्येक लॅबला पाठवा'.

'खर्च शून्य' म्हटलं की आपल्याकडे अर्धी लढाई जिंकलेलीच असते. लॅबला नवीन मशीन मंजूर व्हायला वर्ष जातं, त्यामुळे हा मेसेज का पळतो हे समजतं. पण त्यातलं एकच वाक्य खरं आहे: तयार कर्नलमध्ये आपल्याला न लागणारे ड्रायव्हर भरपूर असतात. पुढचं सगळं गणित चुकलंय.

रॅमचा मुद्दा लगेच निकाली निघतो. उबुंटू, डेबियन, मिंट यांच्या कर्नलमध्ये असे बहुतेक ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून असतात, म्हणजे डिस्कवर नुसत्या पडून असलेल्या फायली. मशीन सुरू होताना पीसीआय आणि यूएसबीवर जे हार्डवेअर सापडेल त्याची ओळख पाहून यूडेव्ह नावाचा प्रोग्राम तेवढंच मॉड्यूल चढवतो. जे चढलं नाही ते रॅममध्ये येतच नाही. टर्मिनलवर एलएसमॉड (चढलेल्या मॉड्यूलांची यादी देणारी आज्ञा) चालवून दुसरा रकाना वाचा, आकार बाइटमध्ये दिलेला असतो. साटा, म्हणजे साध्या डिस्कांच्या नेहमीच्या जोडणीचा, कंट्रोलर चालवणारं एएचसीआयचं मॉड्यूल काही दहा किलोबाइटांत आटोपतं. ज्याच्यावरून हा मेसेज वाचताय तो ब्राउझरचा एक टॅब याच्या हजारपट रॅम घेऊन बसलेला असेल. कर्नलमध्ये कायमचे बसवलेले ड्रायव्हरसुद्धा फक्त सुरुवातीला लागणारा कोड नंतर सोडून देतात. बूट होताना 'फ्रीइंग अनयूज्ड कर्नल इमेज' अशी ओळ सरकते ती त्याचीच.

आता स्कझी. मेसेजमधली सगळ्यात घातक सूचना हीच.

जाड केबलची, सर्व्हरमध्ये बसणारी स्कझी डिस्क घरात नसते हे बरोबर. पण लिनक्समध्ये स्कझी हा केबलचा प्रकार एवढाच राहिलेला नाही. डिस्कशी बोलायचा तो एक मधला थर आहे, आणि तुमची साधी साटा हार्ड डिस्क, साटा एसएसडी, पेन ड्राइव्ह, डीव्हीडी ड्राइव्ह हे सगळे याच थरातून जातात. साटा सांभाळणारी लिबएटीए ही यंत्रणा आपल्या डिस्का स्कझीच्या थराला जोडून देते. पूर्वी जुन्या आयडीई (साटाच्या आधीच्या जोडणीच्या) डिस्कसाठी वेगळा ड्रायव्हर होता, डिस्क एचडीए नावाने दिसायची. तो ड्रायव्हर 2021 साली आवृत्ती 5.14 मध्ये कर्नलमधून काढूनच टाकला. म्हणजे 15 वर्षांपूर्वीचा आयडीई डबा असला तरी नव्या कर्नलवर त्याची डिस्क एसडीए म्हणूनच येणार, स्कझीच्याच वाटेने. खात्री करायची असेल तर प्रॉकमधल्या स्कझी फोल्डरातली स्कझी नावाची फाइल (/proc/scsi/scsi) कॅट या आज्ञेने वाचा. बहुतेक साटा मशीनवर तिथे 'व्हेंडर: एटीए' आणि पुढे तुमच्याच डिस्कचं मॉडेल छापलेलं दिसेल.

गंमत म्हणजे कर्नलची मेन्यू मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा शहाणी आहे. साटाचा पर्याय चालू असेल तर स्कझीचा गाभा बंद करूच देत नाही, साटा स्वतः त्याला ओढून आणतो. यूएसबी स्टोरेजच्या जागी तर सरळ टीप आहे की हा पर्याय स्कझीवर अवलंबून आहे आणि 'स्कझी डिस्क सपोर्ट'ही लागू शकतो. फसगत होते ती या दुसऱ्या पर्यायापाशी. गाभा आपोआप येतो, 'स्कझी डिस्क सपोर्ट' मात्र आपोआप येत नाही. तो वेगळा निवडावा लागतो, आणि मेसेज वाचून आलेला माणूस नेमकी त्याच्यावरची खूण काढतो.

मग काय होतं ते विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये पाहायला मिळालं. फोन आला, "सर, मशीन उठंना." जाऊन पाहतो तर काळ्या स्क्रीनवर शेवटची ओळ: 'कर्नल पॅनिक, व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)'. मुलांनी डिस्क गेली असं समजून केबल बदलून पाहिली होती. पण पॅनिकच्या वर थोडं वाचलं तर 'एटीए1: साटा लिंक अप 3.0 जीबीपीएस' अशी स्वच्छ ओळ होती आणि तिच्याखाली डिस्कचं मॉडेलही. म्हणजे कंट्रोलरला डिस्क दिसली होती, केबल ठणठणीत होती. फक्त त्या डिस्कला एसडीए म्हणून उभं करणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता. 'उपलब्ध पार्टिशन ही' असं कर्नल सांगत होता आणि खाली सगळं रिकामं. सुदैवाने जुना कर्नल काढलेला नव्हता. ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून तो निवडला आणि मशीन उठलं.

कंसातले ते आकडे वाचायला शिकलं तर अशा वेळी निम्मं काम होतं. (0,0) म्हणजे रूट (जिच्यावर लिनक्स बसवलंय ती) म्हणून सांगितलेली डिस्कच सापडली नाही: कंट्रोलरचा किंवा डिस्कचा ड्रायव्हर नाही, नाहीतर रूटचं नाव चुकलंय. (8,1) असं काही असेल तर एसडीए1 सापडलंय, कारण 8 हा या डिस्कांचा क्रमांक. अडलंय ते फाइल सिस्टिमवर, बहुधा एक्स्ट4 (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत) राहून गेलंय. दोन्हींत पॅनिकची ओळ जवळजवळ सारखीच, दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी.

'उरलेलं सगळं एम करा आणि इनिट्रामएफएस काढा' या दोन सूचना सुट्या सुट्या ठीक आहेत. एकत्र केल्या की मशीन बंद. एक्स्ट4चं मॉड्यूल असतं डिस्कवर. ती डिस्क वाचायला एक्स्ट4 लागतं. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं आहे हे. इनिट्रामएफएस हा छोटा गठ्ठा ग्रब कर्नलसोबतच रॅममध्ये ठेवतो. त्यात डिस्क आणि फाइल सिस्टिमची मॉड्यूलं असतात, खरी रूट जोडली गेली की हा पसारा आवरला जातो आणि ती जागाही मोकळी होते. तो नको असेल तर कंट्रोलर, स्कझी डिस्क, फाइल सिस्टिम ही साखळी 'एम' नव्हे तर 'वाय' (कर्नलमध्येच कायमची बसवलेली) करावी लागते, एकही कडी न सोडता. एवढं करूनही अडू शकतं, कारण उबुंटूचा ग्रब रूटची ओळख सहसा यूयूआयडीने (खास ओळख क्रमांकाने) देतो. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी वाचायचं काम इनिट्रामएफएसमधल्या प्रोग्रामचं आहे, नुसत्या कर्नलला तो कळत नाही. त्याला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) कळतो, नाहीतर थेट एसडीए1 सारखं नाव. डिस्क एलव्हीएमवर (डिस्कांची जागा एकत्र करून वाटणाऱ्या यंत्रणेवर) किंवा एन्क्रिप्ट केलेली असेल तर इनिट्रामएफएसशिवाय गाडी पुढे जातच नाही. मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही.

इनिट्रामएफएस जड वाटत असेल तर इनिट्रामएफएस-टूल्स वापरणाऱ्या डेबियन-उबुंटूत त्याचा सरळ उपाय आहे. इनिट्रामएफएस-टूल्सच्या कॉन्फिगरेशन फायलीत मॉड्यूल्सच्या पुढे 'मोस्ट' असतं, तिथे 'डेप' लिहा आणि गठ्ठा पुन्हा बनवा. त्या मशीनला लागेल तेवढंच त्यात जाईल, कर्नलला हातही लावावा लागत नाही. बूटचा सेकंद-दोन सेकंद वाचला तर वाचला.

'दुप्पट पळेल' याबद्दल साधा हिशेब करू. जुन्या लॅपटॉपची डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद, आणि डोकं सरकायचा वेळ वेगळा. कर्नलमधला ड्रायव्हर आपलं काम मायक्रोसेकंदांत उरकतो. न वापरलेले शंभर ड्रायव्हर काढलेत तरी त्या चकतीचा एक फेराही कमी होत नाही. साटा एसएसडी घाला, फरक डोळ्यांना दिसेल. त्याला पैसे लागतात, म्हणून तो मेसेज व्हायरल होत नाही.

फुकटात मिळणारी एक गोष्ट मात्र आहे. बऱ्याच जुन्या मशीनच्या बायोसमध्ये साटा 'आयडीई' मोडवर ठेवलेलं असतं. ते 'एएचसीआय'वर नेलं तर डिस्क आलेल्या मागण्या आपल्या सोयीच्या क्रमाने उरकू शकते. त्याच डिस्कवर विंडोज असेल तर आधी त्याची तयारी करा, नाहीतर निळा स्क्रीन येईल. पण लिनक्सच्या बाजूने बघा: आयडीई मोडला इंटेलच्या मशीनवर बहुधा एटीए-पीआयआयएक्स ड्रायव्हर लागतो आणि एएचसीआय मोडला एएचसीआयचा. तयार कर्नलजवळ दोन्ही असतात, त्याला या बदलाचं काहीच वाटत नाही. 'आपलाच तेवढा' ठेवून छाटलेला कर्नल या एका बदलाने पॅनिकला जातो.

आणि आपल्या गावात डिस्का जागेवर राहतातच असं नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की तळमजल्यावरची दुकानं सामान हलवायला लागतात, 45 ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये महापुरात काय झालं ते सांगलीत कुणाला नव्याने सांगायला नको. अशा वेळी अख्खं मशीन उचलायला सवड नसते, आतली डिस्क काढून पिशवीत टाकली जाते. नंतर ती मिळेल त्या मशीनला लावायची, नाही जमलं तर यूएसबीच्या डबीत घालून चालवायची. तयार कर्नल आणि 'मोस्ट'वाला इनिट्रामएफएस असेल तर ती डिस्क बहुतेक वेळा दुसऱ्या मशीनवरही उठते, अडत दुकानाचं बिलिंग त्याच दिवशी सुरू होतं. छाटलेल्या कर्नलला फक्त त्याचं जुनं, आता चिखलात बसलेलं मशीन माहीत असतं. वर सांगितलेल्या 'डेप'लाही हाच आक्षेप लागू आहे, त्यामुळे नदीकाठच्या दुकानांत तो नकोच.

मेसेजच्या बचावासाठी कुणीतरी 'लोकलमॉडकॉन्फिग वापरा, ते आपोआप बरोबर निवडतं' असं टाकलंय. कर्नलची कॉन्फिग आपोआप छाटणारी ही आज्ञा निवडते ती फक्त त्या क्षणी चढलेली मॉड्यूलं. तेव्हा पेन ड्राइव्ह लावलेला नसेल तर यूएसबी स्टोरेज गायब. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि मशीनला तो दिसत नाही. वापरायचंच असेल तर आधी वापरातली प्रत्येक वस्तू लावा: पेन ड्राइव्ह, यूएसबी हार्ड डिस्क, कार्ड रीडर. एक्सफॅटचा एखादा ड्राइव्ह माउंटही करा, म्हणजे त्याचं फाइल सिस्टिम मॉड्यूल चढलेलं राहील.

आणखी एक गोष्ट मेसेज गिळून टाकतो. हाताने बांधलेल्या कर्नलला डिस्ट्रोचे (उबुंटू, डेबियन वगैरेंचे) सुरक्षा अपडेट येत नाहीत, आणि सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर सही नसलेला कर्नल उठतच नाही. लॅबमध्ये प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा कर्नल कोण बांधत बसणार, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्याने सांगावं.

शिकण्यासाठी कर्नल जरूर बांधा, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं बांधतातच. सुरुवात कोऱ्या पाटीने करू नका. बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल घ्या, ओल्डडेफकॉन्फिग चालवा (जुने पर्याय तसेच ठेवून नव्यांना नेहमीची उत्तरं देतं) आणि मग मेन्यूत जा. छाटायचंच असेल तर स्कझीखालच्या 'लो-लेव्हल ड्रायव्हर'च्या यादीत छाटा. सर्व्हरची कार्डं तिथे आहेत, घरच्या मशीनला खरोखर नको असलेलं सामान तेच. तरी एलएसपीसीआय या आज्ञेला 'के' जोडून कोणतं कार्ड कोणता ड्रायव्हर वापरतंय ते आधी बघा, कारण कॉलेजच्या सर्व्हर रूममधल्या जुन्या डब्यात मेगारेडचं (सर्व्हरच्या डिस्का सांभाळणारं) कार्ड निघू शकतं. 'स्कझी डिस्क सपोर्ट', एएचसीआय, एटीए-पीआयआयएक्स, यूएसबी स्टोरेज आणि यूएएस (वेगवान यूएसबी डिस्कचा ड्रायव्हर) यांना हात लावू नका. नवी मशीन असतील तर एनव्हीएमईही (नव्या एसएसडीचा ड्रायव्हर) ठेवा. तो स्कझीच्या वाटेने जात नाही, त्याचा पर्याय वेगळ्या मेन्यूत असतो आणि म्हणूनच विसरला जातो. जुना कर्नल नवा दोन-तीनदा नीट उठेपर्यंत काढायचा नाही.